मधल्या सिलिंडरमधला नट

ललिता शेडगेच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाही. मूठ वळली तरी ती दोन बोटं बाहेर राहतात. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याने, सीतारामने, तिचा हात व्हॅनच्या सरकत्या दारात चिरडला. त्याने गाडीची किल्ली मागितली होती आणि तिने दिली नव्हती. दार एकदाच ओढलं असतं तर चुकून ओढलं म्हणता आलं असतं. त्याने ते उघडलं आणि पुन्हा ओढलं.

हॉस्पिटलमध्ये "दारात बोटं अडकली" असं सांगितलं तेही त्यानेच. ललिता गप्प बसली. तिसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर असताना, उरलेल्या बोटांनी गिअर टाकत तिने वारज्यातली अकरा मुलं शाळेत पोचवली. दार लावण्याआधी ती रोज "बोटं आत" म्हणायची. त्या दिवसापासून ती दोनदा म्हणायला लागली.

सीताराम पिंपरीच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं फिटर होता. त्याने आवळलेला नट सुपरवायझर पुन्हा तपासत नसत, अशी त्याची ख्याती होती. मग बाहेरच्या देशातून नवी मशिनं आली, ती चालवायला डिप्लोमा झालेली पोरं आली आणि एकोणीस वर्षांच्या हाताला स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. ललिताने आईच्या पाटल्या मोडून जुनी व्हॅन घेतली, आपल्या नावावर, आणि त्याला चालवायला दिली. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं न्यायची-आणायची. सातव्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "काका, जरा हळू चालवता का?" त्याने बायपासवर गाडी थांबवली, तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि तिची बॅग रस्त्यावर फेकून निघून आला. काम गेलं. ललिता गाडी शिकली आणि शाळेची मुलं न्यायला लागली. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला.

"स्वतःला एक झालं नाही, आणि दुसऱ्यांची अकरा वाहते," असं तो गॅलरीतून खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, चांदणी चौकाच्या चढावर इंजिनाला पाणी नेणारा जुना पाइप फुटला. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला. मुलांना रिक्षांनी पाठवून ललिताने गाडी ओढून घरी आणली. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तिला दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी लागलं होतं.

"हेड गॅस्केट गेलं," सीताराम वरूनच म्हणाला. "पाणी ऑइलमध्ये उतरलं. आता बस घरी."

निदान बरोबर होतं. तो खाली येता तर दोन दिवसांचं काम होतं.

"तुम्ही कराल का?" तिने विचारलं.

तो खाली आला. उत्तर त्याने हाताने दिलं. तळमजल्यावरच्या दुर्गाबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. ही खिडकी पार्किंगवर उघडते आणि गेल्या तीन वर्षांत ती बऱ्याचदा लागली होती.

शाळा सोळा जूनला सुरू होणार होती. शाळेची स्वतःची नवी बस आली होती. पालकांचं म्हणणं साफ होतं: पहिल्या दिवशी व्हॅन दारात नसेल तर मुलं बसने जातील. गॅरेजवाला गाडी हातात घ्यायला महिना मागत होता, आणि त्यानंतरही शब्द देत नव्हता. अकरा मुलं गेली की ललिताला घराबाहेर पडायचं कारण उरत नव्हतं. आणि घरात काय होतं ते खिडकी लावूनही सगळ्या इमारतीला माहीत होतं.

सुट्या भागांच्या दुकानदाराने तिला कसबा पेठेत कादरभाईंकडे पाठवलं. बोळात त्यांचं मशिनचं दुकान, मागे घर. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून सपाट करणं हे त्यांचं काम. गाड्या ते खोलत नसत.

"हेड खोलून कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

कादरभाईंनी तिच्याकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. मग एक पुठ्ठा घेतला, त्याला टोच्याने दहा भोकं पाडली. "प्रत्येक बोल्ट ज्या जागचा, त्याच भोकात खोचायचा. खोलताना बाहेरून आत यायचं. बसवताना मधून बाहेर जायचं, आणि तीन वेळात आवळायचं. पहिल्यांदा थोडं, मग अजून, मग पुरं. एका दमात आवळलं तर हेड वाकतं, ताई. राग आला असेल तर पाना खाली ठेवायचा."

"आणि मग स्टार्टर मारायचा?"

"नाही. आधी प्लग काढायचे आणि टॉमीच्या दांड्याने इंजिन हाताने फिरवायचं. दोन फेरे, पूर्ण. कुठे अडलं तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही. तो आंधळा आणि वर ताकदवान."

"तसला एक यांच्या घरात आहे वाटतं," चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी अख्तरबानू म्हणाल्या. ललिताचा डावा डोळा तेव्हा अजून हिरवट होता. "आणि ताई, पाइप नवा घाला. जुना ठेवला की पुन्हा तेच."

मे महिना ललिता व्हॅनमध्ये डोकं घालून होती. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट काढली की आत वाकून काम करावं लागतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला तिचे फक्त पाय दिसत. सामान फार नव्हतं: रिंग पान्यांचा संच, नटावर बसवायच्या सॉकेटच्या गोट्यांचा डबा, हातभर लांबीची लोखंडी टॉमी, जुन्या बनियनची फडकी. आवळण किती झाली ते दाखवणारा टॉर्क रेंच कादरभाईंनी दिला होता, "याने काही ठोकायचं नाही" असं बजावून. डाव्या हातात वॉशर धरता येत नसे, म्हणून तिने वॉशरला ग्रीस लावून ते बोटाला चिकटवायची युक्ती काढली. हेड उतरवून, पिशवीत घालून, रिक्षाने कसब्यात नेलं आणि सपाट करून आणलं.

दुर्गाबाई खिडकीतून म्हणाल्या, "अगं, पाय तेवढे हलवत जा मधूनमधून. परवा पोस्टमनने विचारलं, अँब्युलन्स बोलवली का म्हणून."

सीताराम वरून पाहत होता. नवरा येऊन पाना धरत नाही यात त्याला कमीपणा नव्हता. बायकोला पाना धरता येतो, हे त्याला सोसत नव्हतं. हेड बसायच्या आदल्या दिवशी तो उतरला. पुठ्ठा उचलून त्याने पार्किंगभर भिरकावला. बोल्ट घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेले. ललिता ते वेचायला गुडघ्यांवर बसली, तेव्हा त्याने कोपऱ्यात पडलेला तोच फुटका पाइप उचलला. रबराच्या आत दोरा असतो. तो चामडीला चिकटतो आणि सुटताना सोलतो. त्याने पाठीवर, दंडावर, मानेवर मारलं. मोजकं, एकाच लयीत, कारखान्यात घण मारावा तसं. ती ओरडली नाही. तिने एक हात बोल्टांवर पालथा घातला होता. दुर्गाबाईंच्या खिडकीची एक झडप लागली. दुसरी अर्धी लागून थांबली.

बोल्ट दहाच्या दहा सापडले. प्रत्येक किती मळलाय, कुठे घासलाय यावरून तिने त्यांच्या जागा ओळखल्या. महिनाभर तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. तेरा तारखेला हेड बसलं, मधून बाहेर, तीन वेळात. तिसऱ्या वेळी पाठीवरच्या खपल्या फुटून ब्लाऊज ओला झाला. ऑइल नवं, पाणी नवं, पाइप नवा. धूळ जाऊ नये म्हणून तिन्ही प्लग तिने नुसते बोटांनी फिरवून ठेवले.

पंधरा तारीख, रविवार. भात-आमटी करून, सीतारामचं ताट झाकून ती अकराला खाली उतरली. फक्त हाताचे दोन फेरे आणि स्टार्टर एवढंच उरलं होतं. पहिला प्लग बोटांनी सुटला. तिसरा सुटला. मधला सुटेना.

तिने पुन्हा पाहिलं. प्लग तळापर्यंत बसला होता, पान्याने आवळलेला. तो सोडवायला तिला टॉमी लावून अंगाचा भार द्यावा लागला. तिने तो असा लावलाच नव्हता. असा तिला लावताही आला नसता.

तिने टॉमी पुलीच्या बोल्टला लावली आणि इंजिन हळूच फिरवायला लागली. पाऊण फेरा लोण्यासारखा गेला. मग खट् झालं. मागे फिरवलं, दुसऱ्या बाजूने खट्. जोर लावला असता तर कदाचित पुढे गेलंही असतं. तिने पाना खाली ठेवला.

मधल्या भोकातून टॉर्च मारली तेव्हा पिस्टनवर काहीतरी चमकलं. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबकाचा तुकडा तारेला बांधून तिने आत सोडला. तिसऱ्या खेपेला दहा नंबरच्या पान्याचा एक नट वर आला.

दहा नंबरचे नट इमारतीत कोणाकडेही असतील. स्टार्टर मारला असता तर याने पिस्टन फोडला असता, आणि सगळे म्हणाले असते, बाईने काहीतरी आत पाडलं. सीतारामने सगळं बरोबर केलं होतं. फक्त शेवटी प्लग सैल सोडणं त्याच्याने झालं नाही. एकोणीस वर्षांच्या हाताला सैल काही बघवत नाही.

ती वर गेली. तो जेवत होता. तिने नट त्याच्या भातावर ठेवला.

"तुमचा आहे."

"माझा कशावरून?"

"प्लग आवळलात. मी बोटांनी लावले होते."

त्याने नटाकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तो खरोखरच चूक पकडला गेलेल्या कामगारासारखा दिसला. मग ताट भिंतीवर गेलं. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला, एक दात हलला. दुसऱ्यांदा आपटायला त्याने उजवा हात मागे घेतला.

टॉमी तिच्या हातात होती. ती खाली ठेवायची विसरले, असं ललिता पुढे कोणालाच म्हणाली नाही. तिने ती एकदाच मारली, मनगटावर. खट् झालं. तोच आवाज, फक्त ओलसर.

तो खाली बसला. मनगट बशीसारखं वाकलं होतं. तिने एका फडक्यात ते बांधलं आणि त्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आणून बसवलं.

दुर्गाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी ललिताचं तोंड पाहिलं, त्याचा हात पाहिला. "रिक्षा बोलवू का?"

"गाडी आहे," ललिता म्हणाली.

आणि तिने सगळं रीतसर केलं. तो पायरीवर कण्हत होता, शिव्या देत होता. तिने टॉमी पुसली, इंजिन दोन फेरे फिरवलं, पूर्ण. कुठे अडलं नाही. प्लग बोटांनी लावले, मग पान्याने हलकेच. सीट बसवली. ओठातून टपकणारं रक्त बॅटरीवर पडलं तेही फडक्याने टिपलं. स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"चोक ओढ," सीताराम पायरीवरून म्हणाला. तोंड खडूसारखं पांढरं पडलं होतं, डोळे मिटलेले. "दोन महिने कोरडं आहे ते. चोक ओढ, गाढवे."

तिने चोक ओढला. इंजिन लागलं.

दुर्गाबाई चप्पल घालून मागच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

हॉस्पिटल तेच होतं, फेब्रुवारीतलंच. अपघात विभागातल्या डॉक्टरने विचारलं, कसं झालं. टेबलाशी हवालदार वही उघडून बसला होता.

"जिन्यावरून पडलो," सीताराम म्हणाला आणि सवयीने ललिताकडे पाहिलं. आता तिने मान डोलवायची होती. डोलवली असती तर उद्या सकाळी गाडी सुटायला काहीच अडचण नव्हती.

"पडले नाहीत," ललिता म्हणाली. "मी मारलं. लोखंडी टॉमीने. आणि फेब्रुवारीत माझी बोटं आपोआप अडकली नव्हती, यांनी दोनदा दार ओढलं होतं. तेही लिहा."

हवालदाराने पेन थांबवलं. "बाई, विचार करून बोला. तुमच्यावरच केस होईल."

"होऊ दे."

"कोणी पाहिलंय का?"

"मी," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझी खिडकी पार्किंगवर उघडते. आजचं वरचं मी ऐकलं. बाकीचं पाहिलंय. तीन वर्षांचं आहे, वही पुरेल ना?"

लिहून झाल्यावर हवालदार म्हणाला, "उद्या सकाळी सातला चौकीत या."

"सातला शाळा असते," ललिता म्हणाली. "दहाला येते."

त्याने तिच्या फाटक्या ओठाकडे पाहिलं आणि दहा लिहिले.

सीतारामला प्लास्टर घालून त्याच्या भावाने नेलं. ललिता रात्री दुर्गाबाईंकडे जेवली. भात चावता येईना, म्हणून त्यांनी पेज केली.

सोमवारी सव्वासहाला व्हॅन पहिल्या दारात उभी होती. अकरापैकी नऊ मुलं आली. एका आईने ललिताचं तोंड पाहून मुलाला परत घरात नेलं, एकजण बसनेच गेला. चौथीतली श्रद्धा सगळ्यांत शेवटी पुढच्या सीटवर चढली आणि टक लावून बघत राहिली.

"काकू, ओठाला काय झालं?"

"मारलं."

"कोणी?"

"काकांनी."

मागची मुलं पुढे वाकून बघायला लागली. गेटपाशी उभी असलेली श्रद्धाची आई एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. ललिता उतरली, मागे गेली, सरकत्या दाराला उजवा हात लावला.

"बोटं आत," ती म्हणाली. नऊ जणांनी हात मांडीवर घेतले. तिने एकेकाचे पाहिले. "बोटं आत," पुन्हा म्हणाली आणि दार ओढलं.