झेंडूचा भोंगा

आज माझा सगळ्यात भित्रा मित्र गेला.

सुहास. कळंब्याचा.

नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे वायरलेस सेन्सर शहरात बसवायचं काम निघालं, तेव्हा त्या यंत्रणेच्या सुरक्षेचं सगळं प्लॅनिंग सुहासकडं होतं. खांब आणि पेट्या माझ्या वर्कशॉपच्या.

मी वेल्डिंगपासून वर आलेला माणूस. मला लोखंड कळतं. हवेतून जाणारं काही कळत नाही.

त्यानं पहिल्याच दिवशी चहावर समजावलं. "हे बघ भावा. पुलाखाली सेन्सर. तो खाली आवाज सोडतो. पाण्यावर आपटून परत आला की कळतं, पाणी किती चढलंय. एक खांब दुसऱ्याला सांगतो. शेवटी भोंगा वाजतो आणि गल्ली रिकामी होते."

"मग भ्यायचं कशाला?"

"मधेच कुणीतरी खांबाचं सोंग घेऊन खोटं बोललं तर? पाणी दारात आणि भोंगा गप्प?"

माझा चहा तसाच राहिला.

नदीकाठच्या त्या गल्लीत माझी आक्का राहते. एकटी. गुडघे गेलेले.

त्या दिवशी त्याची भीती मला लागली, ती आजवर उतरली नाही.

सगळ्या पेट्यांना मी एकाच किल्लीची कुलपं आणली होती. त्यानं परत पाठवली. "एक किल्ली गेली की सगळी नदी चोराच्या हातात." आतला पासवर्डसुद्धा प्रत्येक खांबाचा वेगळा. टपरीवर शेजारी कोण बसलंय बघून मगच तोंड उघडायचा.

आणि एवढं करून, पहिला घोटाळा त्याच्याच हातनं झाला.

खंडेनवमी होती. वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशिन, सगळ्यांची पूजा झाली. सुहास एक हार उचलून पुलाकडं निघाला.

"कुठं?"

"ते पण आपलं हत्यारच की."

सेन्सरला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचा हार घातला, नमस्कार केला. हार वाऱ्यानं घसरला आणि सेन्सरच्या तोंडापुढं लोंबायला लागला.

सेन्सरला वाटलं, पाणी इथवर आलं.

भर उन्हात भोंगा वाजला. आक्कासकट अख्खी गल्ली पिशव्या घेऊन रस्त्यावर. खाली नदीत म्हशी निवांत डुंबत होत्या.

गल्ली हसून हसून दमली. नाव पडलं, झेंडूचा भोंगा.

सुहास तेवढा हसला नाही. पांढराफटक पडला होता.

"चोराला कुलूप लावलं रे. आपला हार विसरलो."

मग हळूच म्हणाला, "आज हसत्यात. खरं पाणी येईल तेव्हा पण हसतच बसतील."

त्यानं प्लॅन बदलला. एका खांबाचं ऐकायचंच नाही. शेजारच्या दोघांनी होकार दिला तरच भोंगा.

खांबांना शहाणं केलं, पण माणसांचं काय? म्हणून दारोदार फिरला. आक्काच्या उंबऱ्यावर मी बरोबर होतो.

"इंजिनेर, फुलं घालाय कुणी सांगितलंतं तुला?"

"चुकलंच आक्का. पण फुडच्या टायमाला वाजला तर उठणार नव्हं?"

"बघू की."

परत येताना गाडीवर मागून एकच चाललेलं त्याचं. "बघू की म्हणाली रे ती. बघू की."

या आठवड्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. परवा आम्ही दोघं पुलावर खांब तपासायला गेलो. जिना चढताना मी त्याचा श्वास ऐकला.

बेअरिंग गेलेलं मला रस्त्यापलीकडून ऐकू येतं. तो आवाज बरा नव्हता.

"सुहास, डॉक्टरकडं चल. आत्ता."

"पित्त हाय."

"छाती धरलीस की मर्दा."

हसला. "एकच सेन्सर बोंबलतोय भावा. शेजारचे दोन गप्प हायत. आपला नियम काय?"

मी ओढला त्याला. हात सोडवून घेतला. "पाणी उतरलं की जाऊ."

आज पहाटे गेला. पाणी उतरलं नव्हतं.

दुपारी अग्नी दिला. ओली लाकडं, धूर. तिथंच आक्काचा फोन आला. तिच्या आवाजामागं मला भोंगा ऐकू येत होता.

"आरं, भोंगं वाजाय लागलंय. गल्लीत पाण्याचा थेंब न्हाय. शेजारच्या म्हणत्यात, झेंडू असंल. खरं हाय का?"

माझा अंगठा सवयीनं त्याच्या नंबरवर गेला.

मग समोर बघितलं.

कुणाला विचारू? खरंच पाणी आहे, का कुणी आत शिरलंय, का पुन्हा काही लोंबतंय? उगाच उठवलं आणि खोटं निघालं, तर ती गल्ली पुन्हा कधीच उठणार नाही. नाही उठवलं आणि खरं निघालं तर?

"आक्का, सुहास गेला आज."

भोंगा वाजतच होता.

"त्या दिवशी उंबऱ्यावर त्यानं तुला काय विचारलंतं?"

"उठणार नव्हं, म्हणून."

"मग ऊठ."

ती उठली. भिंत धरत, दारं बडवत, शेजारणींना शिव्या घालत अख्खी गल्ली घेऊन बाहेर पडली. "फुलं घालणारं पोरगं गेलं आज. त्याचं तरी ऐका."

आता ती माझ्या स्वयंपाकघरात बसलीय. चहाला हात लावत नाही. गल्लीत कमरेएवढं पाणी आहे, आणि अजून चढतंय.

सुहास, तुझे खांब एकमेकांना विचारतायत, खरं का खोटं. मला विचारायला कोण राहिलं नाही. दर थोड्या वेळानं कान त्या दिशेला लागतो. वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती.

ही भीती तुझी होती. आता मी सांभाळतो. तू जा निवांत.

काठावरच्या मित्रांनो, फोटोला हार घालू नका. भोंगा वाजला तर "बघू की" म्हणू नका. उठा.

त्याला तेवढीच श्रद्धांजली हवी होती.