वकाट!

माटुंग्याला ज्या ताईंकडे मी स्वयंपाक करते, त्या दादर चौपाटीवर काइटसर्फिंग शिकवतात. म्हणजे कमरेच्या पट्ट्याला भलामोठा पतंग अडकवायचा आणि पायाखाली फळी घेऊन त्याच्या ओढीनं पाण्यावर पळायचं. मी येवल्याची, आठवीत शाळा सुटलेली, पाण्याला भिणारी. ‘घरात बसून नुसती काळजी करतेस. चल, वाळूवर उभी राहून पतंग तरी उडव,’ म्हणाल्या आणि घेऊनच गेल्या.

पतंगाची भीती नव्हती. संक्रांतीला गच्चीवर भाऊ पतंग उडवायचा, मांजाची आसारी, म्हणजे फिरकी, माझ्या हातात. कितीही ओढ लागू दे, आसारी सोडायची नाही. दुसऱ्याचा पतंग कापला की आम्ही बोंबलायचो, ‘वकाट!’ ताईंना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. ‘वकाट? भाजी आहे काय गं ही?’

पतंगाच्या दोऱ्या हातातल्या दांडीला बांधलेल्या, आणि पट्ट्याला पोटापाशी लाल मूठ असते. वारा आवरेना झाला की ती पुढे ढकलायची, पतंगाचा जोर जातो. हे मला पाठ होतं.

ऑक्टोबरातली दुपार. माझं लक्ष समुद्राकडे, आणि ढग आला पाठीमागून, परळच्या टॉवरांवरून. आधी वारा पडला. मला बरंच वाटलं. ताई मात्र लांबून धावत सुटल्या, ‘खाली घे! आधी खाली घे!’ तेवढ्यात वारा उलटा फिरला. पतंग डोक्यावरून समुद्राकडे गेला आणि मी त्याच्यामागे फरफटत. ‘रिलीज कर, रिलीज!’ ऐकू येत होतं, पण हात दांडीला चिकटलेले. आसारी सोडायची नाही ना! पाणी गुडघ्याला लागलं.

मग ताई जीव खाऊन ओरडल्या, ‘अगं, वकाट! गेला तुझा पतंग, वकाट!’

हात आपसूक सुटले. मूठ ढकलली. पतंग फडफडत पाण्यावर पडला, आणि ताईंनी मागून पट्टा धरला.

‘येडी,’ एवढंच म्हणाल्या. धाप मात्र त्यांनाच जास्त लागली होती.

गावी आपल्या पतंगावर वकाट ऐकलं की मान खाली जायची. त्या दिवशी मी रडले ती वेगळ्याच कारणानं. माझा गावठी शब्द त्यांनी हसून सोडून दिला नव्हता.

आता परळच्या बाजूला काळं दिसलं की आमचे पतंग वाळूवरच गुंडाळले जातात. नव्या माणसाच्या पोटावर लाल मूठ बांधताना ताई सांगतात, ‘ही वकाट.’ कुणी हसलं की माझ्याकडे बघतात.