बोचकेकाका आणि दोरीने बांधलेली बॅग

...आणि त्या हिरव्या बॅगेची शिवण उसवली होती, तिच्यातून चक्क एक इस्त्री नाक बाहेर काढून बघत होती. चांगली वजनदार, पोलादी बुडाची. पाच गावं पायी करायला निघालेल्या माणसाला समुद्रकाठी इस्त्री कशाला लागते, हे कोडं बोचकेकाकांना शेवटपर्यंत सुटलं नाही. विचारणार कुणाला? बॅगेचा मालक त्यांनी पाहिलाच नव्हता. बाई की बाप्या, तेही ठाऊक नव्हतं.

काकांच्या कामाची गंमत म्हणा, गोम म्हणा, ती इथेच. समुद्राच्या कडेकडेने जाणारी जुनी पायवाट पाच गावांना शिवते. पहिलं दगडी धक्क्याचं, दुसरं जकातघराचं, तिसरं दीपगृहाचं, चौथं जहाजं बांधणाऱ्यांचं आणि पाचवं पडक्या बुरुजाचं. एके काळी या गावांना गलबतं लागायची, आता हौशी माणसं लागतात. ती पाण्याची बाटली तेवढी पाठीला लावून एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जातात, आणि त्यांचं जड सामान आतल्या रस्त्याने टेम्पोतून पुढच्या लॉजवर जातं. तो टेम्पो काकांचा. चालणारे आठला निघतात. काका साडेनऊला सामान उचलतात, दुपारी एकच्या आत पुढच्या लॉजच्या पडवीत मांडतात, आणि चालणारे चार-पाचला दमून येतात तोवर काका जकातघरामागच्या आपल्या खोलीवर पोचलेले असतात. बारा वर्षं हे असं चाललंय. हजारो माणसांचं ओझं वाहिलं, पण माणूस म्हणून एक दिसला नाही. बॅगांवर नावंही नसतात. शहरातल्या ऑफिसातून फोनवर नंबर येतात, काका ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून सुतळीने बॅगेला बांधतात. झालं.

तरी काकांना माणसं कळत नव्हती असं नाही. रोज वजन वाढत जाणारी बॅग असली की समजायचं, मालक वाळूतले दगड-शिंपले गोळा करतोय. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बॅगा दुसऱ्या दिवशी पडवीच्या दोन टोकांना दिसल्या की समजायचं, नवरा-बायकोचं बिनसलं. मग काका टेम्पोत त्या दोघी मुद्दाम एकमेकींना टेकवून ठेवायचे आणि म्हणायचे, "भांडा वाटेत काय भांडायचं ते, पण पडू नका." टेम्पोत दुसरं बोलायला होतं कोण? खोलीवर तरी कोण होतं? एक खाट, एक स्टोव्ह, एक कप आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर टेम्पोचं जुनं टायर बसायचं.

लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर थोरल्या भावाच्या घरी, वहिनीच्या हातचं खाऊन काका मोठे झाले. पुढे थोरल्याच्या मुलाचं लग्न निघालं. व्याही मातब्बर. लग्नघरचं सगळं सामान काकांनीच आपल्या टेम्पोतून आणलं. शेवटची पेटी खांद्यावर घेऊन ते आत आले, तेव्हा व्याह्यांनी सहज विचारलं, "हे कोण?" दादा म्हणाला, "सामानाचा माणूस आहे."

काकांनी पेटी खाली ठेवली, नीट भिंतीला लावून, आणि न जेवता निघून गेले. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. निरोप वेळेवर आला होता. काकांनी टेम्पोची किल्ली हातात घेतली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खाटेवर बसले. दादाचं चुकलं होतं हे काका कुणालाही सांगू शकत होते. हे दुसरं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तर त्या सोमवारी काय झालं, धक्क्याच्या गावच्या लॉजवर नऊ बॅगा होत्या. नववी राखाडी, जुनी. तिची चेन बिघडली होती म्हणून मधोमध दोरी बांधलेली. काकांनी उचलायला हात घातला आणि हात तिथेच राहिला.

या दोरीच्या गाठीची गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काकांचे वडील धक्क्याला लागलेल्या होड्या दोरखंडाने बांधून ठेवायचे. माणूस डावखुरा. दोन्ही पोरांना शेजारी बसवून त्यांनी गाठ शिकवली, आणि पोरांनी उजव्या हाताने बापाची हुबेहूब नक्कल केली. झालं काय, की साऱ्या जगाच्या गाठीत दोरीचं शेपूट फासाच्या आत राहतं, ते या दोघांच्या गाठीत बाहेर लोंबायला लागलं. धक्क्यावरची माणसं हसायची, "आली बघा, उलट्या शेपटाची जोडी." पुढे बाप गेला. तशी गाठ मारणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक आत्ता पडवीत वाकून उभं होतं.

काकांनी बॅगेवरच्या दोरीचं बाहेर लोंबणारं शेपूट बोटाने चाचपलं. मग नेहमीसारखा नंबर लिहिला, सुतळीने बॅगेला बांधला, बॅग टेम्पोत टाकली आणि निघाले. दोन-तीन मैल गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, सवयीने आपणही तीच गाठ मारलीय. दोरीची आणि सुतळीची, दोन्ही शेपटं बाहेर. उतरून सोडता आली असती. गाडी बाजूला घेतलीसुद्धा. पण खाली काही उतरले नाहीत.

त्या रात्री काका स्वतःच्या खोलीवर आणि दादा त्याच गावात लॉजवर, मध्ये दोन गल्ल्या. काकांनी दोनदा पायात चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

मंगळवारी साडेनऊला बॅग पडवीत होती. दोरीची गाठ कालच्याच जागी, पण अशी करकचून आवळलेली, की सोडायला दात लागावेत. काकांना हसू आलं. लहानपणापासूनची खोड. दादाला राग आला की तो तोंडाने काही बोलायचा नाही, हातात जी दोरी असेल ती आवळायचा. म्हणजे त्याने सुतळी बघितली. ओळखली. आणि चिडलाही.

"चिड," काका बॅगेला म्हणाले. "मी काय घाबरतो?"

पण टेम्पो त्या दिवशी त्यांनी खड्डे चुकवून चुकवून चालवला.

दीपगृहाच्या गावातली लॉज चालवायची अक्का. तोंडाने फटकळ, हाताला उरक. बुधवारी सकाळी काका गेले तेव्हा ती चादरी झटकत होती.

"काका, तुमच्यामुळे माझ्या पडवीत आज नऊपर्यंत म्हातारा बसून होता," ती म्हणाली. "सगळे आठला गेले. हा आपला बुटाच्या नाड्या सोडतोय, बांधतोय, सोडतोय, बांधतोय. म्हटलं, आजोबा, आज चालायचंय ना?"

काका बॅगा मोजू लागले. नऊच होत्या, तरी पुन्हा मोजल्या. "मग?"

"मग काय? काल जेवताना विचारत होता, सामान कोण आणतं म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, आहे एक खडूस माणूस. घुबड बरं, निदान रात्री तरी दिसतं."

"नाव विचारलं?"

"नाव नाही विचारलं. जेवतो का वेळेवर, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय त्यांची बायको आहे?" अक्काने चादर घडी केली आणि काकांकडे नीट बघितलं. "एकटाच आहे तो. जेवायला बसतो तेव्हा समोरच्या खुर्चीवर स्वतःची टोपी ठेवतो. कुणी बसू नये म्हणून की कुणी बसल्यासारखं वाटावं म्हणून, कोण जाणे. कोण लागतो तुमचा?"

"कोणी नाही."

"बरं. कोणी नाही तर राखाडी बॅग पोटाशी का धरलीय? बाकीच्या तर हँडलला धरून फरफटत नेता."

काकांनी बॅग खाली ठेवली. अक्का पुन्हा चादरींकडे वळली, पण काका टेम्पोत बसले तेव्हा खिडकीशी आली आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण काका, शुक्रवारी सकाळी पाचव्या गावाहून बस सुटते, आणि ही माणसं तिच्यात बसली की पुन्हा इकडे फिरकत नाहीत. एवढं लक्षात ठेवा."

ते काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. बारा वर्षं त्या बसने माणसं नेली होती. आणि दादा बहात्तरचा होता.

गुरुवारी काकांनी बारा वर्षांचा रिवाज मोडला. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि जहाजवाल्यांच्या गावात साडेनऊऐवजी पावणेआठला हजर झाले. पडवीत चालणाऱ्यांची गडबड होती. कुणी पायाला पट्टी लावतंय, कुणी बाटली भरतंय. काकांनी एकेक तोंड बघितलं. दादा नव्हता.

"ते पांढऱ्या टोपीवाले?" एक बाई म्हणाल्या. "ते तर साडेसहालाच गेले. म्हणाले, कुणाची वाट बघत बसायचा कंटाळा आलाय."

काकांना सकाळी केलेल्या दाढीची लाज वाटली. तिकडे तो नऊपर्यंत बसला तेव्हा हे साडेनऊला गेले, आणि हे पावणेआठला आले तर तो साडेसहाला गेला. आईच्या पोटातही दोघे एका वेळी कसे राहिले असते कोण जाणे, जुळे असते तर. बॅग मात्र भिंतीला नीट लावून ठेवली होती. आजची गाठ सैल होती. इतकी सैल, की वाटेत सुटली असती.

काकांनी ती घट्ट केली नाही. बॅग पुढच्या सीटवर शेजारी घेतली आणि सगळा रस्ता एक हात तिच्यावर ठेवून गाडी चालवली.

बुरुजाच्या गावी बारा वाजता सामान उतरलं. नेहमी अशा वेळी टेम्पो परत फिरायचा. आज फिरला नाही. काका लॉजसमोर गाडीत बसून राहिले. तीन वाजता तरणी जोडपी आली, चारला दगड गोळा करणारे आले, साडेचारला त्या सकाळच्या बाई लंगडत आल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, की आपलं सामान जागेवर दिसलं की माणसाचा चेहरा कसा होतो. एकाने तर बॅगेवर डोकंच टेकलं.

पाच वाजले. आठ बॅगा गेल्या. राखाडी तेवढी राहिली.

"मागे कुणी दिसलं का हो, पांढरी टोपी?" काकांनी बाईंना विचारलं.

"साडेसहाला निघाले म्हणजे ते आमच्या पुढेच असायला हवेत," बाई म्हणाल्या. "पोचले नाहीत?"

काका उठले. ज्या वाटेच्या जिवावर बारा वर्षं पोट भरलं, त्या वाटेवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती बुरुजाला वळसा घालून चढते, मग कड्याच्या कडेने जाते. उजव्या हाताला गवत, डाव्या हाताला खाली समुद्र. काकांचे गुडघे टेम्पोच्या सीटला सरावलेले, शंभर पावलांत कुरकुरायला लागले. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. नुसता वारा आणि खालून येणारा लाटांचा आवाज. त्यांना वाटलं, दादा चार दिवस हेच ऐकत आला. आपण निदान बॅगांशी बोलतो.

वीसेक मिनिटांवर, वाट सोडून जरा आत, एका पडक्या चौकीच्या जोत्यावर पांढरी टोपी दिसली. दादा बूट काढून बसला होता. पाय शाबूत, हात शाबूत. नुसता बसला होता, गावाकडे तोंड करून. सगळं गाव तिथून दिसत होतं. लॉजसमोरचा टेम्पोही.

काकांना दम लागला होता. ते दोन हात अंतरावर टेकले.

"पडलास की काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग? पाच वाजून गेले."

"बघत होतो," दादा म्हणाला. "तीन वाजल्यापासून बघतोय. म्हटलं, टेम्पो गेला की खाली उतरावं. तो जाईना. मग म्हटलं, जाईपर्यंत बसावं."

"आणि गेला असता तर?"

दादाने एक बूट उचलून आतले खडे झटकले. म्हातारा झाला होता. मान बारीक झाली होती, सदऱ्याची कॉलर तिच्याभोवती मोठी वाटत होती. काकांनी तिकडे बघायचं टाळलं.

"त्या दिवशी," दादा म्हणाला, "मी ओळख नीट करून दिली नाही."

"नाही दिलीस."

"व्याही मोठी माणसं होती. मला माझ्याच घराची लाज वाटत होती. घरात जे दिसेल त्याची. त्यात तू समोर आलास."

खाली एक लाट फुटली, दुसरी फुटली. मग काका म्हणाले, "वहिनीचा निरोप मला त्याच दिवशी मिळाला होता."

"माहीत आहे. पोचवणाऱ्यानेच सांगितलं मला."

"किल्ली घेतली होती हातात."

"ते नाही सांगितलं त्याने."

"त्याला कुठून माहीत असणार."

दादाने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिला. मग एकेक करून बूट घातले. नाड्या बांधायला वाकताना त्याला श्वास पुरेना, तेव्हा काका पुढे सरकले आणि खाली बसून त्यांनी त्या बांधल्या. उन्हं उतरली होती. दोघे उठले आणि वाटेने खाली निघाले. दादा पुढे, काका मागे, कारण वाट एकामागे एक चालण्याइतकीच होती. दादाच्या खिशातून शहरातल्या ऑफिसने दिलेला कागद डोकावत होता. त्यावर रोजचा मुक्काम, जेवणाच्या वेळा आणि शेवटी ठळक अक्षरांत शुक्रवारच्या बसची सकाळी सातची वेळ छापलेली असते. तो कागद प्रत्येकाजवळ असतो आणि प्रत्येकाला पाठ असतो.

बुरुजाच्या वळणावर दादा थांबला. मागे न बघताच त्याने विचारलं, "उद्या बस किती वाजता आहे रे?"

आणि ज्या माणसाने बारा वर्षांत एकाही बॅगेला एक मिनिट उशीर होऊ दिला नव्हता, तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "उद्या बस नसते. परवाचंही काही खात्रीचं नाही. तू आधी चल, जेवून घे."