लाटण्याने दाबलेला तुकडा

आज मनुरेवा या परदेशी उपनगरातल्या माझ्या घरात नवं फ्लोअरिंग घालायला आलेल्या माणसाने गोंदाचा डबा उघडला आणि त्या वासाने मला बाबा आठवले.

आई गेल्यावर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले होते. माझ्या हातून गरम तवा पडून किचनच्या जमिनीवरचं व्हिनाइल जळालं होतं. बाबांनी फ्रिजखालचा तुकडा कापला, नक्षी जुळवून जळालेल्या जागी चिकटवला आणि दाबायला लाटणं मागितलं.

"तुझ्या आईने दिलं नसतं," ते म्हणाले आणि खाली मान घालून लाटणं फिरवत राहिले.

"बाबा, बसलाय तो आता."

"कडा उचलतात गं."

मला तेव्हा त्यांच्या नीटनेटकेपणाचं हसू आलं होतं. यंदा माझा नवरा गेला. मान वर करायची नसली की हाताला काहीतरी काम लागतं, हे आता कळतं.