अर्कमावशी आणि स्पिरिटवाली

कल्पना करा, तुमच्यापुढे चार किलो ओला पाला आहे. देठ खुडायचे, पानं सावलीत आठ दिवस वाळवायची, कुटायची, उकळायची आणि बादलीभर पाण्याचा वाटीभर अर्क करायचा. तो उंदरांना मोजून पाजायचा. तासाभराने त्यांना यकृत जाळणारं विषही तोंडावाटेच पाजायचं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. यकृताच्या पेशी फुटल्या, तर रक्तात एक एन्झाइम चढतं. आकडा जितका कमी, तितकं यकृत शाबूत.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाई हे एकोणीस वर्षं करत होत्या. सगळे त्यांना अर्कमावशी म्हणत.

आणि मग ती पोरगी आली. नवी संशोधक. उकळणं नाही, फुंकणं नाही. पाला स्पिरिटमध्ये बुडवायचा, पाजण्याआधी स्पिरिट उडू द्यायचं आणि मधल्या वेळात चहा प्यायला जायचं.

"मावशी, येताय चहाला?"

"तू जा बाई. तुझा पाला आपला आपण मुरतोय. माझा ढवळावा लागतो."

आकडे आले. मावशींचा दोनशे दहा, पोरीचा नव्वद. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, तीन महिन्यांच्या मोठ्या चाचणीला एकच अर्क जाणार. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पाला त्यांनी आणलेला, देठ त्यांनी खुडलेले आणि कौतुक हिचं!

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना पोरीची वही उघडी दिसली. अर्क : नऊ पन्नास. विष : दहा.

दहाच मिनिटं! पोटात अर्क तसाच असताना विष अंगात उतरेल कसं? यकृत वाचलं कशावरून, कदाचित विष तिथवर पोचलंच नसेल! मावशींना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण लाज गिळून त्या तडक सरांकडे गेल्या, तेही सगळ्यांसमोर.

पोरीचा चेहरा पडला. "मला आधी सांगायचंत ना, मावशी."

"तू विचारलंस कधी?"

सर म्हणाले, "दोन्ही अर्क पुन्हा. तासाचं अंतर ठेवून. आणि दोन्ही मावशीच पाजतील."

पोरीच्या अर्काचे चार थेंब कमी पडले असते, तर कोणाला कळलं असतं? मावशींच्या मनात तेही येऊन गेलं. पण हात एकोणीस वर्षांचा होता. त्याने मोजून तितकंच पाजलं.

मावशींचा आकडा दोनशे पाच. पोरीचा नव्वदवरून चढला, पण एकशे तीसवर थांबला.

"हिचाच पाठवू," सर म्हणाले.

मावशींनी पातेलं जरा जास्तच आपटून धुतलं. मग हात पुसत पोरीच्या टेबलाशी गेल्या. तिची बाटली उचलून हुंगली, नाक मुरडलं, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"झाड एकच, पाला एकच," त्या म्हणाल्या. "आता खरं सांग. जे यकृत वाचवतं, ते माझ्या पाण्यात उतरतच नाही, की उतरतं आणि मीच ते उकळून मारते?"

पोरगी म्हणाली, "तेच तर मलाही कळत नाहीये, मावशी."

"मग न उकळता, नुसत्या गार पाण्यात दोन दिवस भिजवून बघितलं तर?"