आजोबांच्या चपला माझ्या हातात

आधी सांगून टाकते. मला आधार दिला तो अशा एका म्हाताऱ्याने, ज्याला खुर्चीतून उठायला माझाच आधार लागायचा. मी त्यांना आजोबा म्हणायचे. ते मला चेडवा म्हणायचे, म्हणजे पोरी. रागावले की आणखी बरंच काही म्हणायचे, ते लिहिण्यासारखं नाही.

मी परभणीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागे माझी शाळाही फडाफडातून हिंडली आणि आठवीत अशाच एका फडावर राहून गेली; माझ्याही हातात कोयता आला. वेंगुर्ल्याला आले ती काजूच्या कारखान्यात. टरफलांच्या तेलाने बोटांची सालं निघायला लागली, तेव्हा मासे विकणाऱ्या एका काकीने मला आजोबांच्या दारात नेऊन उभं केलं. "हिका काम व्हया आणि तुका माणूस," एवढं बोलून तिने टोपली उचलली. झाली मुलाखत.

आजोबा जन्मले मासेमाराच्या घरात, पण समुद्राशी त्यांचं कधी पटलं नाही. मिसरूड फुटायच्या वयात नेव्हीत गेले. देशासाठी गेलो, असं ते शाळेत झेंडावंदनाला सांगायचे. घरी सांगायचे, "थंय पोटभर भात गावायचो." जहाजावरून दुसऱ्या जहाजांना निशाणं हलवून निरोप धाडायचं काम. नोकरीभर बोट लागायची. "त्या मेल्यान माझी आतडी भायर काढल्यान," असं समुद्राकडे बोट दाखवून म्हणायचे. त्यांचा उजवा पाय अधू झाला तो लढाईत, अशी गावाची समजूत. मला खरं सांगितलं: साहेबांची खीर घेऊन शिडी उतरताना पाय घसरला. "पण खीर सांडूक दिली नाय!"

नेव्ही सुटल्यावर रेडिओत लागले. लोकांना वाटायचं बातम्या वाचत असतील. नाही. श्रुतिकांमधले आवाज काढायचे. करवंट्या आपटून घोडे, पत्रा हलवून गडगडाट, सुपात तांदूळ फिरवून समुद्र. किती राजांची सैन्यं त्यांनी दोन करवंट्यांवर गड चढवली, त्याला गणती नाही. "माझो समुद्र खऱ्यापरास बरो," म्हणायचे. "वास नाय, ओकारी नाय, आणि संध्याकाळी भात करून खाऊक येता."

नव्वदीला टेकले तेव्हा एका तापाने पायांतलं बळ नेलं. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. मुलीने भावाला बजावून ठेवलं होतं की बाबा पडवीतून विहिरीपर्यंत एकटे चालेनासे झाले, की त्यांना पुण्याला न्यायचं आणि घराला कुलूप लावायचं. आजोबांना पुणं नको होतं. आणि कुलूप लागलं की माझ्या हातात परत कोयता. आम्हा दोघांची झोप उडाली. त्यांची जरा कमी, ते दुपारीही झोपायचे.

मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. "बाबा, व्हिडिओ लावा, बघू कसे चालता."

"रेडिओवाल्याचा थोबाड कोण बघता रे?"

"बरं, निदान चालताना ऐकू तरी द्या."

झालं. "उद्या ऐकवतंय," म्हणून आजोबांनी फोन ठेवला, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आपल्या चामड्याच्या चपला माझ्या हातांत घालायला लावल्या, मला पडवीत रांगायला बसवलं, आणि स्वतः खुर्चीत बसून फोन धरला.

तालीम दुपारीच झाली होती. "जड टाक गो! नेव्हीतलो गडी मी, उंदीर न्हय."

मी घाबरत विचारलं, "आजोबा, पण तुम्ही जरा लंगडता ना?"

"कोण लंगडता? तुझो बापूस लंगडता!"

गावातल्या प्रत्येकाचं पाऊल आवाजावरून ओळखणारा हा माणूस. दारात मीटर बघायला येणारासुद्धा त्यांना न बघता कळायचा. पण स्वतःचं चालणं त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं; तो पाय केव्हाच बरा झाला, अशी त्यांची खात्री. मी काय वाद घालणार? टाकली सरळ पावलं. आजोबांचा त्यातही अभिनय, मधेच धापा टाकायचे, "विहीर इली हां!" म्हणायचे. मी कळशी खणकन वाजवायचे. मुलगा "छान, छान" म्हणून फोन ठेवायचा.

असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी फोन आला. मी चपला चढवल्या, रांगत पडवीच्या टोकापर्यंत गेले, आणि समोर बूट दिसले. वर बघितलं तर मुलगा अंगणात उभा, फोन कानाला.

"बाबा," तो फोनमध्येच म्हणाला, "विहीर इली काय?"

आजोबांनी खुर्चीतूनच, फोनमध्येच उत्तर दिलं, "मेल्या, सांगून येवक काय झाला?"

मी तशीच चार पायांवर. मनात बोचकं बांधूनसुद्धा झालं होतं. मुलगा पायरीवर बसला. रागावला नव्हता, ते जास्त भीतीचं वाटलं.

"पहिल्या दिवशीच कळलं," तो म्हणाला. "बाबा इतके सरळ कधीपासून चालायला लागले? लहानपणी मी अंथरुणात त्यांच्या पावलांची वाट बघायचो. एक पूर्ण, एक अर्धं. ते ऐकल्याशिवाय झोप यायची नाही."

आजोबांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे लंगडतंय मी?"

"नेहमीच."

"आणि रेडिओत कोणी बोल्ला नाय! शिरा पडो सगळ्यांच्या तोंडार!" ही त्यांची त्यातल्या त्यात लिहिण्याजोगी शिवी.

मुलगा दोन दिवस राहिला. बापलेक खूप भांडले, आणि मधेमधे काकीचे बांगडे खाल्ले. निघायच्या दिवशी परदेशातून बहिणीचा फोन आला: बाबा चालतात ते मलाही ऐकव. मुलाने एकवार बापाकडे बघितलं, खुर्चीच्या मुठी घट्ट धरून बसलेला बाप. मग माझ्याकडे हात केला. मी चपला दिल्या. त्या हातांत चढवून तो गुडघ्यांवर बसला आणि चालू लागला. एक पूर्ण, एक अर्धं. फोनमधून बहीण म्हणाली, "हां, हे बाबाच."

आजोबांना पुण्याला कोणी नेलं नाही. पुढच्या वर्षी आंब्यांना मोहर आलेला असताना, दुपारच्या झोपेत, आपल्याच खाटेवर गेले. शोकसभेत पायाच्या जखमेला लढाई चिकटली. मी खिरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. घर मुलाने माझ्यावर सोपवलं आहे. संध्याकाळी फोन अजून येतो, आता मी कशी आहे ते विचारायला.

जायच्या थोडे दिवस आधी आजोबांनी विचारलं होतं, "इतकी वर्सां हयसर ऱ्हवतंस, होडयेत बसलंस कधी?"

"भीती वाटते आजोबा."

"माका पण वाटायची. एकदा जा खोल पाण्यात, आणि त्या मेल्याक माझी शिवी घाल."

आजोबा, पाणी घोट्यापर्यंत आलं तरी मी अजून मागे पळते. पण तुमच्यामुळे माझ्या हातात कोयत्याऐवजी चपला आल्या, ते मी विसरले नाही. काकीचा मुलगा होडी घेऊन जातो, त्याला विचारून ठेवलंय. एक दिवस बसेन. ओकत का होईना, खोल पाण्यापर्यंत जाईन, आणि तुमच्या नावाने जोरात ओरडेन: शिरा पडो तुझ्या तोंडार! आणि तुमचा सुपातला समुद्र खरंच बरा होता का, तेही नीट ऐकून येईन.