तिसरी हाक

भूतबित, चकवा, करणी... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहाचा कप खाली ठेवून वाद घालणारा माणूस. बीएस्सी, फिजिक्स! अजूनही घालतो. पण चौसाळ्याच्या डोंगरातली ती दुपार आठवली की मी मुकाट कप परत उचलतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. चौसाळ्यात हायवेला आमचं किराणा दुकान, शेजारीच गावातला पहिला एसटीडी बूथ. पावसाळी ढगांत एक शिकाऊ विमान भरकटलं आणि बालाघाटात कुठंतरी पडलं, अशी बातमी आली. आत एकटाच पायलट — जेमतेम माझ्या वयाचा. पोलीस, तलाठी, आजूबाजूची गावं, सगळे शोधायला निघाले. मी आणि माझे चुलते मन्मथकाका तिसऱ्या दिवशी गेलो.

नुसत्या घळी आणि बोराटी. चार पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. मी जरा मागं राहिलो की काका घाबरायचे. सकाळपासून त्यांचं एकच — "शिवाऽऽ! ए शिवाऽऽ!" अख्खा डोंगर माझ्या नावानं दणाणला होता.

बाराच्या सुमाराला एका कड्यावर भाकरी सोडून बसलो. बाकीची माणसं पलीकडच्या डोंगराला गेली होती. तेवढ्यात खालच्या घळीतून हाक आली — "शिवा..."

काका माझ्या शेजारी, तोंडात घास. मी उठून ओ देणार, तर त्यांनी मनगटच धरलं.

"गप बे! ओ देऊ नको."

"कावून? माणूस हाय की खाली!"

"भर बारा वाजता, नाव घिऊन? माणूस असंल तर तीनदा हाक मारंल. भूत दोनदाच मारतंय. तिसरी येऊ दे, मग जाऊ."

ही रीत लहानपणापासून ऐकलेली. मी हसायचो तिला, काकांची टिंगल करायचो. पण त्या वेळी... खरं सांगतो, खाली बसलो.

दुसरी हाक आली. आधीपेक्षा बारीक. मग किती वेळ थांबलो कोण जाणे. तिसरी आलीच नाही. भाकरी तशीच बांधून आम्ही गाव गाठलं आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढपाळांना विमान सापडलं. त्याच घळीत. पायलट बाहेर, दगडाला टेकून बसलेला.

डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या तासाभरातच गेला असणार, पहिल्याच दिवशी. काकांचा जीव भांड्यात पडला. "बघ, म्हनलं न्हवतं?" मला मात्र वेगळंच सुचलं. त्याला माझं नाव कळायचा एकच मार्ग होता — सकाळपासून तो ते ऐकत असणार.

संध्याकाळी त्याचे वडील घरी फोन लावायला बूथवर आले. लाइन लागेना, म्हणून आमच्या दुकानाच्या बाकड्यावर टेकले.

"तुम्ही त्या बाजूला गेला होता म्हणे," ते म्हणाले. "काही ऐकू आलं होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो, आणि त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

डॉक्टर बरोबर असतील, तर मला हाक कुणी मारली याचं उत्तर माझ्या फिजिक्समध्ये नाही. चुकले असतील, तर तो जिवंत होता आणि मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलो होतो. काकाही आता गेले, विचारायचं कुणाला? भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही... पण रोज देवापुढं हात जोडले की एकच मागतो — ते भूतच असू दे.